भूत न दाखवता घाबरवणारा जर्मन चित्रकार : आंद्रेआस

टिनटिन आपल्यापैकी अनेकांनी वाचलाय. त्याच टिनटिनच्या नावाने बेल्जियममध्ये एक साप्ताहिक निघायचं, '७ ते ७७ वर्षांच्या तरुणांसाठी'. १९७८ मध्ये त्यात एक वेगळाच माणूस अवतरला. लांब पांढरे केस, गूढ शक्ती, नाव रॉर्क. त्याला काढणारा चित्रकार होता जर्मन.

त्याचं नाव आंद्रेआस मार्टेन्स, पण सही फक्त 'आंद्रेआस'. जन्म १९५१ चा, पूर्व जर्मनीतल्या वायसेनफेल्सचा. लहानपणीच तो पश्चिम जर्मनीत आला. ड्युसेलडॉर्फमध्ये चित्रकला शिकला आणि मग थेट ब्रसेल्स गाठलं. कारण साधं होतं. कॉमिक्सवर पोट भरायचं तर युरोपात बेल्जियम आणि फ्रान्सच! तिथे एडी पाप या मुरलेल्या चित्रकाराच्या हाताखाली तो तयार झाला. पुढे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात स्थायिक झाला. म्हणूनच हा जर्मन माणूस गाजला तो फ्रेंच कॉमिक्समध्ये.

त्याच्यावर अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टचा मोठा प्रभाव आहे. या अफाट विश्वात माणूस किती क्षुल्लक आहे, हीच लव्हक्राफ्टची भीती. पण ती चित्रात दाखवायची कशी?

आंद्रेआसने राक्षसापेक्षा पानावर जास्त भर दिला. चौकटी उंच आणि चिंचोळ्या केल्या. इमारत अशा कोनातून काढली की बघणाऱ्याला गरगरावं. भव्य वास्तूच्या कोपऱ्यात माणूस मुंगीएवढा. १९८४ च्या 'क्रॉमवेल स्टोन'मध्ये तर रंगच नाहीत. शाईच्या बारीक रेघांनी अंधार विणलाय. गोष्टही तशीच : एका जहाजावरून वाचलेले लोक दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी त्यांच्यातला एक गायब होतो.

'रॉर्क'मधल्याच एका पात्रावरून पुढे 'कॅप्रिकॉर्न' ही मालिका निघाली. नायक चक्क न्यूयॉर्कमधला ज्योतिषी! १९९७ ते २०१७ या काळात तिचे २० भाग आले. सोबत 'आर्क' ही दुसरी लांबलचक मालिका चालूच होती.

त्याची कॉमिक्स सोपी नाहीत. धागे उशिरा जुळतात, पान उलटं फिरून पुन्हा बघावं लागतं. पण खरी गंमत तिथेच आहे. दचकवणारं चित्र आपण दोन सेकंदांत विसरतो. आंद्रेआसचं पान मात्र पुस्तक मिटल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नाही.