पेरूमधील प्रवासाची पूर्वतयारी आणि सुरक्षितता

पेरू हा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्पॅनिशभाषक देश आहे. इंका साम्राज्याची राजधानी असलेले कुस्को आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८३ साली समाविष्ट झालेले माचू पिक्चू ही तेथील प्रमुख पर्यटनस्थळे होत. या प्रवासात उंची, पीतज्वराची लस आणि भूकंप यांचा विचार आधी करावा लागतो.

उंचीचा आजार

राजधानी लिमा समुद्रकिनारी आहे, तर कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाई शिखराच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे होणाऱ्या आजारास स्थानिक लोक 'सोरोचे' म्हणतात. डोकेदुखी, मळमळ, थकवा व निद्रानाश ही त्याची लक्षणे असून ती बहुधा पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसू लागतात. तारुण्य किंवा व्यायामाची सवय यांमुळे या आजारापासून संरक्षण मिळत नाही.

लिमाहून विमानाने कुस्कोला उतरल्यावर थेट उरुबांबा खोऱ्यात (सुमारे २,८०० मीटर) मुक्काम करणे आणि कुस्को नंतर पाहणे हा सोयीचा क्रम आहे. माचू पिक्चू स्वतः सुमारे २,४३० मीटरवरच आहे. पहिले दोन दिवस श्रम व मद्य टाळावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, तोल जाणे किंवा संभ्रम होणे ही प्राणघातक अवस्थेची चिन्हे आहेत. अशा वेळी रुग्णास विनाविलंब खाली नेणे आणि प्राणवायू देणे आवश्यक ठरते.

कोकाची पाने

कोकाच्या पानांचा चहा पेरूमध्ये कायदेशीर आहे. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार कोकाची पाने निषिद्ध असल्याने ती भेट म्हणूनही आणू नयेत.

पीतज्वराची लस

पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात पीतज्वराचा धोका असतो. केवळ लिमा, कुस्को व माचू पिक्चू पाहणाऱ्यांना या लसीची वैद्यकीय गरज सहसा नसते. तथापि पीतज्वरग्रस्त देशातून आलेल्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसल्यास भारतात त्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते, आणि अशा देशांच्या यादीत पेरूचा समावेश आहे. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी वैध होते व आजीवन टिकते. ही जिवंत विषाणूंची लस असल्याने साठ वर्षांवरील व्यक्तींनी व गर्भवतींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भूकंप

पेरूच्या किनाऱ्यालगत नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकी भूपट्टाखाली सरकत असल्याने तेथे वारंवार भूकंप होतात. ३१ मे १९७० च्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. इमारतींमधील 'एस' अक्षराची हिरवी पाटी भूकंपाच्या वेळी थांबण्याची सुरक्षित जागा दर्शवते.

दैनंदिन दक्षता

नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. टॅक्सीला मीटर नसल्याने भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. पारपत्राची छायाप्रत स्वतंत्र ठेवावी. 'कार्ने' या शब्दाने अनेकदा केवळ लाल मांस समजले जाते; म्हणून शाकाहारी व्यक्तींनी 'पोयो' (कोंबडी) व 'पेस्कादो' (मासा) हेही नको, असे सांगावे. मदतीसाठी 'आयुदा' हा शब्द वापरतात. पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक १०५, तर अग्निशमन दलाचा ११६ आहे. भारताचा दूतावास लिमा येथे आहे.