धान्याच्या कोठीसाठीं पत्रा कोणता घ्यावा ?

सुगी संपली कीं धान्य कोठें ठेवावें हा प्रश्न प्रत्येक शेतकऱ्यापुढें उभा राहतो. भाव पडलेले असतां माल न विकतां दोन-तीन महिने घरांत ठेवणें ज्यास परवडतें, त्याचा नफातोटा पुष्कळ अंशीं त्याच्या कोठीवर अवलंबून असतो. पेवें व कणग्या आतां बहुतेक गांवांतून मागें पडल्या असून पत्र्याच्या कोठीकडे लोकांचा कल आहे. परंतु कोठी घेतांना आपण तिचा रंग पाहतों, पत्रा पाहत नाहीं; आणि फसगत होते ती येथेंच.

प्रस्तुत लेखकानें चार वर्षांपूर्वीं एका कारखान्यांतून अशी एक कोठी करवून घेतली. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला, आणि त्यावर आंतबाहेर हिरवागार तेली रंग. दुसऱ्या पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटूं लागले, तळाच्या सांध्याशीं गंज चढला व खालचा सुमारें दीड पोतें गहूं ओल लागून काळा पडला. वरच्या गव्हांतहि रंगाच्या कपच्या निघाल्या. तो दळावयास धीर झाला नाहीं. कोंबड्यांना देखील घातला नाहीं.

कारण समजून घ्यावें म्हणून पुण्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत ओळखीच्या एका कारागिराकडे गेलों. पेशवाईंत कोंकणांतून आलेल्या तांबटांची ही वसाहत. तेथें काम तांब्याचें, पोलादाचें नव्हे. तरी पत्रा ही काय वस्तु आहे हें तेथें घटकाभर बसल्यानें जितकें समजतें तितकें दुकानदाराच्या तोंडून समजत नाहीं. हंडा ठोकतां ठोकतां तांबें ताठर होत जातें. तसेंच ठोकीत राहिल्यास तडकतें. म्हणून कारागीर तें मधून मधून भट्टींत तांबडें करून मऊ करितो. शेवटीं मठाराचे ठोके मात्र तसेच राहूं देतो, कारण त्या ठोक्यांनींच भांड्यास अंगचा कणखरपणा येतो. पोलादी पत्र्याची सारी कहाणी याच दोन क्रियांची आहे. फरक इतकाच कीं हातोड्याच्या जागीं प्रचंड रूळ असतात.

पोलाद लालभडक तापवून रुळांतून काढलें म्हणजे जो पत्रा होतो त्यास बाजारांत एच. आर. पत्रा म्हणतात. तापलेल्या पृष्ठभागास हवा लागून त्यावर निळसर काळी खपली धरते. ही खपली दिसावयास गुळगुळीत असते आणि अनभिज्ञ माणूस तिलाच चांगला पत्रा समजतो. परंतु ती पोलादास घट्ट धरून राहत नाहीं. तिच्यावर कितीहि उंची रंग दिला तरी पुढें खपली सुटते व तिच्याबरोबर रंगहि सुटतो. तेव्हां असा पत्रा रंगवावयाचा असल्यास ती आधीं आम्लानें किंवा वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानें काढलीच पाहिजे. हा पत्रा स्वस्त व जाड मिळतो. कोठीचे पाय, गाडीचा सांगाडा, टांकीची घोडी अशा कामांस तोच घ्यावा.

हाच पत्रा आम्लानें साफ करून थंडपणीं पुन्हां रुळांतून काढला कीं पातळ, एकसारख्या जाडीचा व लखलखीत होतो. थंडपणीं दाबल्यानें तो तांब्यासारखाच ताठर होतो, म्हणून बंद भट्टींत पुन्हां मऊ करावा लागतो. हा सी. आर. पत्रा, भारतीय मानक क्रमांक ५१३ यासाठींच आहे. त्यांत साध्या वांकविण्याच्या कामाचा व खोल दाबकामाचा असे निरनिराळे प्रकार आहेत. पेट्या, कपाटें, पंपाच्या स्टार्टरचे डबे यांस हाच उत्तम, कारण यावर रंग सफाईनें बसतो. मात्र यास स्वतःचें संरक्षण कांहींच नाहीं. कारखान्यांत लावलेलें तेल पुसलें कीं पावसाळी हवेंत एका रात्रींत तांबूस झांक येते. म्हणून कापणें, वांकविणें, सांधणें हें सर्व आटोपल्यावर तेल धुवून, गंज काढून, फॉस्फेटच्या द्रावणांत बुडवून, वाळवून त्याच दिवशीं रंग द्यावा. फॉस्फेटचा बारीक खरबरीत थर रंगास दांतांसारखा धरून ठेवितो. भुकटीचा रंग द्यावयाचा असेल तर तो सुमारें १८० ते २०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत भाजून काढितात. एक खोंच येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दुमडलेल्या सांध्यांत आम्ल किंवा पाणी अडकून राहिलें तर तें महिन्या-दोन महिन्यांनीं पाझरतें आणि वरून रंग साबूत दिसत असतां आंतून पत्रा खाल्ला जातो.

तिसरा प्रकार जस्ताच्या मुलाम्याचा, म्हणजे जी. आय. पत्रा. पाण्याशीं गांठ पडली कीं जस्त स्वतः झिजतें व पोलादास वांचवितें. लहानसा ओरखडा गेला तरी शेजारचें जस्त त्याची राखण करितें. मुलामा दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरास किती ग्रॅम हें विचारावें. १२० ग्रॅम म्हणजे एका बाजूस मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे सुमारें आठ भाग जस्त, आणि २७५ ग्रॅम म्हणजे सुमारें एकोणीस. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

माझ्या कोठीचा दोष येथेंच होता. तेल व खार एकत्र आले कीं साबण होतो हें सर्वांस ठाऊक आहे. तसाच तेली रंगांतील तेलाचा जस्ताशीं संबंध येऊन रंगाच्या खालीं जस्ताचा साबण होतो, आणि साबणावर बसलेला रंग किती दिवस टिकणार ? अशा पत्र्यावर रंग हवाच असेल तर आधीं जस्तासाठीं केलेलें अस्तर लावून घ्यावें, किंवा फॉस्फेट करून घ्यावें. शिवाय माझ्या कोठीचा तळ वेल्डिंगनें जोडला होता. जस्त ९०७ अंशांस उकळतें व वेल्डिंगची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे सांध्याशीं जस्त जळून जातें व उघडें पोलाद राहतें. त्या धुरानें कारागिरासहि थंडीताप भरतो. सांधे दुमडून रिव्हेटनें व डाखानें पक्के करावे. वेल्डिंग अपरिहार्यच असेल तर तेथें बाहेरून जस्तयुक्त रंग लावावा.

धान्याच्या कोठीस आंतून मात्र मुळींच रंग नको. लोखंडास पूर्वीं शेंदराचें अस्तर देत, आणि शेंदूर म्हणजे शिसें. तांबड्या अस्तरांत आजहि कित्येकदां जस्ताचा क्रोमेट असतो, तोहि विषारीच. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनीं मर्यादा घातली आहे, परंतु कारखानदारी रंग त्या नियमांत येत नाहींत, आणि कोठी करणारा बहुधा तेच वापरतो.

आतां जाडीविषयीं. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचें वजन दर चौरस मीटरास ७.८५ किलो. एक मीटर व्यासाची व दीड मीटर उंचीची गोल कोठी घेतली तर तींत सुमारें नऊ क्विंटल गहूं मावतो आणि तिला सव्वासहा चौरस मीटरांहून थोडा अधिक पत्रा लागतो. २२ गेजाचा, म्हणजे ०.७ मिलिमीटरचा घेतल्यास तो सुमारें ३४ ते ३५ किलो भरतो. २० गेजाचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा, ४४ किलो. आणि १८ गेजाचा ५९ किलो. माझ्या मतें एवढ्या कोठीस २० गेजाचा पत्रा घ्यावा. दहा किलोंचा जास्त खर्च होतो, पण भरलेली कोठी फुगत नाहीं. गेज सांगणाऱ्याच्या शब्दावर न जातां मायक्रोमीटरनें मोजून घ्यावें किंवा तयार कोठी कांट्यावर ठेवावी. वजन खोटें बोलत नाहीं. त्याच पत्र्याचा एक तुकडा मागून तो पुरता दुमडून पाहावा. कडेशीं जस्त सोलून निघालें तर तो माल परत करावा.

कोठी भिंतीपासून दूर, सांवलींत, लांकडी फळ्यांवर ठेवावी. दाणा दांताखालीं कडक फुटेपर्यंत वाळवून मगच भरावा. ओला दाणा भरल्यास रात्रीच्या गारव्यानें पत्र्यास आंतून घाम येतो, आणि मग पत्रा कितीहि चांगला असला तरी वरचा थर बुरसतो.

नवी कोठी मीं बिनरंगी करविली आहे. जुनी हिरवी अजून पडवींत आहे. तींत दोर, विळे व खुरपीं ठेवितों.