मत तुमचं, पण कलम कायद्याचं

जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायतीसाठी अंजली पाटील यांनी महिला राखीव प्रभागातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अर्ज ग्राह्य धरायला लावला आणि अंजली निवडूनही आल्या.

ही बातमी टीव्हीवर ‘तृतीयपंथीयांना महिला आरक्षण’ एवढ्याच पट्टीत धावली, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद-वणीच्या प्रेक्षकाला वाटेल, सगळीकडेच नियम बदलला. प्रत्यक्षात न्या. रवींद्र घुगे यांच्यासमोर एकाच अर्जाचा प्रश्न होता. आपण स्त्री ही ओळख निवडली आहे, पुढे सोयीसाठी ती बदलणार नाही, अशी हमी अर्जदाराने दिली होती. ही हमी गाळली की समर्थक आणि विरोधक दोघेही भलत्याच निकालावर भांडत बसतात.

चर्चेत गल्लत होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली आरक्षणाची. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मागास मानून शिक्षण-नोकऱ्यांत आरक्षण द्यावं, असं सरकारांना बजावलं. संसदेच्या २०१९ च्या तृतीयपंथी हक्कसंरक्षण कायद्यात मात्र भेदभावाला मनाई आहे, आरक्षणाची तरतूद नाही. म्हणजे ‘कायद्याने आरक्षण दिलं’ हे चूक आणि ‘आरक्षणाचा विषयच नाही’ हेही चूक.

दुसरी गल्लत दाखल्याची. २०१९ च्या या मूळ कायद्याच्या कलम ६ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे यवतमाळात जिल्हाधिकारी, ‘ट्रान्सजेंडर’ असा दाखला देतात. २०२० च्या नियमांत त्यासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. स्त्री किंवा पुरुष असा सुधारित दाखला कलम ७ चा, तो शस्त्रक्रियेनंतर. ‘तपासणीशिवाय कुणीही कागदोपत्री बाई होतो’ या वाक्यात दोन्ही कलमांची खिचडी आहे.

अशी गल्लत टीव्हीवर झाली तर तक्रार करता येते. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतली कार्यक्रम संहिता जाणूनबुजून खोटं आणि अर्धसत्य दाखवायला मनाई करते. जून २०२१ पासून तक्रार आधी वाहिनीकडे करायची. वाहिनीने १५ दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांची स्वनियमन संस्था, शेवटी केंद्र सरकार. तक्रारीत वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहा. ‘चर्चा एकांगी होती’ एवढ्याने भागत नाही. कोणतं कलम चुकीचं सांगितलं, ते दाखवावं लागतं.