जुन्या बंदुकीच्या खुणा

मुलांनो, नांदेड-लातूरकडच्या वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ‘थ्री नॉट थ्री’ हे नाव ऐकले असेल. ही ली-एनफिल्ड रायफल. तिच्या नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव पडले. इंग्लंडमध्ये आणि कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात ती तयार होई. आपले पोलीस ती अनेक वर्षे वापरत होते.

संग्रहालयात अशी बंदूक दिसली, तर तिचे भाग मूळचे आहेत की बदललेले, हे कसे ओळखाल? आधी आकडे पाहा. नळी, सांगाडा आणि गोळी आत सरकवणारा बोल्ट यांवर एकच क्रमांक ठोकलेला असे. बोल्टवरचा क्रमांक निराळा असेल, तर तो मागाहून बसवलेला समजावा. जुना आकडा खोडून शेजारी नवा ठोकला असेल, तर ती दुरुस्तीची खूण होय. मग लाकूड पाहा. दस्ता हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे. दस्त्याचे लाकूड निराळे दिसले, तर तोही बदललेला असू शकतो. पुढच्या लाकडात आडवा स्क्रू असेल, तर लाकडाला मजबुती देण्यासाठी तो भारतात बसवलेला असतो.

दुरुस्ती हा दोष नव्हे. तोही इतिहासच आहे. पण चकाकीसाठी आकडे घासून टाकले, तर पुरावा कायमचा जातो. घरातील जुन्या भांड्यावर कोरलेले नावही असेच जपा.