उसातील गोडी मोजणारी नळी

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणाच्या पट्ट्यात येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी येथे आले आणि जिरायत रानांत उसाचे मळे डोलू लागले. गावोगावी गुऱ्हाळे चालू झाली. काहिलीतील उकळत्या रसाचा रंग आणि दाटपणा पाहूनच गुळव्या गूळ झाल्याचे सांगत असे. पुढे १९३० नंतरच्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला. त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. नंतर भवानीनगर, माळेगाव येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने निघाले. गाड्यांमागून गाड्या ऊस येऊ लागला, तेव्हा केवळ नजरेवर विसंबून कसे भागणार?

रस दाट आहे, एवढ्यावरून त्यात साखर भरपूर आहे असे ठरत नाही. कारण रसात क्षार व इतर पदार्थही विरघळलेले असतात. नेमकी साखर मोजण्याचे काम ध्रुवणमापक हे उपकरण करते. ते सूक्ष्मदर्शकाचे जणू भावंडच होय. सूक्ष्मदर्शक बारीक वस्तू मोठी करून दाखवतो. ध्रुवणमापक डोळ्यांना न दिसणाऱ्या गोडीचे माप दाखवतो.

त्याचे तत्त्व सोपे आहे. खिडकीच्या उभ्या गजांमधून दोरी ओवून ती वरखाली हलवली, तर लाट गजांपलीकडे जाते. आडवी हलवली, तर अडते. प्रकाशाची कंपने सर्व दिशांनी होतात. परंतु काही स्फटिक त्यांतील एकाच दिशेच्या कंपनांना वाट देतात. असे दोन स्फटिक एकमेकांना काटकोनात ठेवले, की अंधार होतो. त्यांच्यामध्ये पाण्याने भरलेली नळी ठेवली, तरी अंधार कायम राहतो. मात्र नळीत साखरेचे पाणी असेल, तर अंधारात उजेड दिसतो. कारण साखर कंपनांची दिशा वळवते. साखर जितकी अधिक, तितके वळण अधिक. १०० घनसेंटिमीटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असेल, तर २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत पिवळा प्रकाश सुमारे ३४.६ अंशांनी वळतो. शर्करामापकाच्या पट्टीवर हीच खूण १०० मानतात.

द्रवांचा हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ ब्यो यांनी १८१५ मध्ये शोधला. स्कॉटलंडच्या विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइटचा लोलक बनवला. त्याला लागणारा निर्मळ कॅल्साइट मुख्यतः आइसलँडच्या खाणीतून येई. पॅरिस, बर्लिन येथील कारागीर तो घासून उपकरणात बसवत आणि ती उपकरणे जहाजांनी देशोदेशी जात. अशा रीतीने उत्तरेच्या हिमप्रदेशातील दगड उष्ण देशांतील उसाची परीक्षा करू लागला.

या परीक्षेचे मोल शेतकऱ्यास मोठे आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला, तर त्यातील साखरेचे विघटन होऊन दोन वेगळ्या शर्करा बनतात. त्यांपैकी एक प्रकाशाला डावीकडे वळवते, म्हणून नळीतील माप लगेच घटते. घटलेली ही साखर पुन्हा मिळत नाही. उसाचा दर कारखान्याच्या साखर उताऱ्याशी जोडलेला असल्याने गाळपातील दिरंगाईची झळ शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचते.

आज विजेवर चालणारी उपकरणे हे माप क्षणात आकड्यांत दाखवतात. तत्त्व मात्र तेच आहे. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचा न्याय अंदाजाने नव्हे, तर अचूक मापाने व्हावा, हेच या उपकरणाचे खरे कार्य होय.