भातापासून घडणारं खोबरेल

विदर्भातलं आरमोरी म्हणजे धानाचा मुलूख. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या बांध्या, जागोजागी मालगुजारी तलाव आणि ताटात दोन्ही वेळा भात. नारळ इथे बाहेरून येतो. तरीही इथल्या ओल्या बाळंतिणीच्या दुधात लॉरिक आम्ल सापडणारच. हे तेच मेदाम्ल, ज्याने खोबरेल तेलाचा जवळजवळ निम्मा भाग भरलेला असतो. बाईने खोबऱ्याचा तुकडाही तोंडात टाकला नसला तरी ते दुधात उतरतं, कारण तिचं शरीर ते भातापासून घडवतं.

भाताच्या पिठूळ भागाची साखर होते आणि ती रक्तातून स्तनातल्या पेशींपर्यंत पोचते. तिथे तिचे कार्बन दोन-दोन करून एकापुढे एक जोडले जातात. यकृतात किंवा चरबीत अशी साखळी साधारण सोळा कार्बनपर्यंत वाढते आणि पामिटिक आम्ल तयार होतं. दूध बनवणाऱ्या पेशीत मात्र एक जादा विकर असतं, ते साखळी दहा, बारा, चौदा कार्बनांवरच तोडून टाकतं. बारावर तुटली की लॉरिक. ही आखूड आम्लं तान्ह्या पोटाला पचायला हलकी. जेवणात तेल-तूप कमी आणि भात-भाकरी जास्त असेल, तर दुधात त्यांचं प्रमाण वाढतं. ताटात मेद नाही म्हणून शरीर हात टेकत नाही.

१०० मिलिलिटर दुधात मेद तीन-चार ग्रॅमच, पण बाळाची जवळपास निम्मी ऊर्जा त्यातूनच येते. मेदाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलवर तीन जागा आणि प्रत्येक जागेवर एक मेदाम्ल. मला सगळ्यात थक्क करते ती या जागांची निवड. वनस्पती तेलांत पामिटिक आम्ल बहुतेक कडेच्या जागांवर असतं. आईच्या दुधात त्यातलं ६० ते ७० टक्के मधल्या जागेवर बसवलेलं असतं. बाळाच्या आतड्यातली विकरं कडेची दोन आम्लं तोडतात, मधलं ग्लिसरॉलला धरूनच शोषलं जातं. तेच पामिटिक सुटं झालं असतं तर कॅल्शियमला चिकटून त्याचा साबण झाला असता, शी घट्ट झाली असती आणि हाडांसाठीचं कॅल्शियम लंगोटात गेलं असतं.

हा मेद पचवायला लागणारं एक विकरही आई दुधातूनच पाठवते. दान केलेल्या दुधात मात्र ते टिकत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात. मेदाम्लं त्यात जवळपास शाबूत राहतात, पण हे विकर निकामी होतं. म्हणून पेढीचं दूध आधाराला, आणि स्वतःच्या आईचं मिळत असेल तर पहिला मान त्याला.

आता शरीराची मर्यादा. मेंदू आणि डोळ्याचा पडदा घडवणारं डीएचए हे मेदाम्ल आईला पुरेसं बनवता येत नाही. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. त्यापासून शरीर डीएचए करू शकतं, पण फारच थोडं. अमेरिकेत बाळंतिणींना चार आठवडे जवसाचं तेल देऊन पाहिलं, तेव्हा दुधात अल्फा-लिनोलेनिक वाढलं, डीएचए होतं तेवढंच राहिलं. जगभरच्या आयांच्या दुधातल्या मेदात डीएचएची सरासरी ०.३ टक्क्यांच्या आसपास, तर मासेखाऊ जपानात एक टक्क्याच्या घरात.

शिवाय दुधातल्या मेदाचा मोठा वाटा आजच्या ताटातला नसतोच. खूण केलेले कार्बन वापरून तपासलं तेव्हा लिनोलिक या आणखी एका मेदाम्लाचा सुमारे ३० टक्के भाग थेट जेवणातून आलेला दिसला, बाकी बहुतेक आईच्या अंगावरच्या साठ्यातून. गरोदरपणात आणि त्याआधी ती काय जेवली, तेही बाळ पितं. ताट रिकामं राहिलं तर ती स्वतःच्या अंगातून देते.

तलावातल्या मासळीत समुद्री माशांइतकं डीएचए नसतं, पण असतं. जवस खुशाल खाऊ घाला, तो चांगलाच आहे. पण ज्या घरात मासळी शिजते, तिथे पथ्याच्या नावाखाली गरोदर बाईच्या आणि बाळंतिणीच्या ताटातून ती काढून घेऊ नका.