पांढरीचे दप्तर

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावची जी पांढर आहे, तिचे उत्खनन १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी आरंभिले, तेव्हा मातीचे एक जुने दप्तरच त्यांच्यापुढे उलगडले. जुना थर तळाशी आणि नवा माथ्यावर, हा निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये खडकांविषयी मांडलेला नियम येथेही लागू पडतो. म्हणूनच खालच्या थरांतील ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या आद्य टप्प्यातील आयताकृती घरे आधीची व वरची लहान गोल झोपडी नंतरची, असा निर्वाळा देता येतो, आणि सुमारे ख्रिस्तपूर्व १००० नंतर त्या वस्तीला उतरती कळा लागली, हे उमगते.

मात्र हे दप्तर निर्वेध राहिलेले नसते. वरच्या वस्तीतील कोणी धान्यासाठी बळद खणतो, उंदीर बिळातून एखादा मणी हातभर खाली नेतो, आणि नवी वस्तू जुन्या थरात बेमालूम जाऊन बसते! अशा वेळी खड्ड्याच्या उभ्या कापावर पाणी शिंपडून, ओल्या मातीच्या रंगात पडलेला किंचित फरक न्याहाळीत, सुरीच्या टोकाने थरांच्या सीमा कोरणारा संशोधक मला एखाद्या मुरब्बी कारकुनासारखा वाटतो.